वायद्यात एका माणसाला किती माल घेता येतो? पोझिशन लिमिट, हेजिंगची सूट आणि वारंवार येणारी बंदी

हळदीचा व्यापारी सांगलीचा असो की निजामाबादचा, सोयाबीनची गिरणी लातूरची असो की इंदूरची, वायदे बाजारात उतरताना दोन प्रश्न सगळ्यांनाच पडतात. एका माणसाला जास्तीत जास्त किती मालाचा सौदा करता येतो? आणि ज्याच्या गोदामात खरोखर माल पडून आहे, त्यालाही सट्टेवाल्याचीच मर्यादा लागते का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘पोझिशन लिमिट’, म्हणजे सौद्यांची कमाल मर्यादा. दुसऱ्याचं उत्तर ‘हेज लिमिट’, म्हणजे खऱ्या मालधारकाला मिळणारी जादा मर्यादा. या दोन्ही गोष्टी परिपत्रकांत दडलेल्या असतात आणि बाजार समितीच्या कट्ट्यावर त्यांची फारशी चर्चा होत नाही. पण त्या नीट चालल्या नाहीत की सरकार पूर्ण वायदाच बंद करतं. मग सट्टेवाला दुसरा माल धरतो आणि गिरणीवाला व शेतकरी उघडे पडतात. सोयाबीनच्या बाबतीत डिसेंबर २०२१ पासून नेमकं हेच झालं.

मर्यादा लागतेच कशाला?

हजर बाजारात माल मोजका असतो. आडतीवर ५०० पोती आली तर ५०० पोतीच विकली जातात. वायद्याचं तसं नाही. वायदा म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने माल देण्या-घेण्याचा करार, आणि करार करायला आज हातात पोतं असावं लागत नाही. त्यामुळे कागदावरचे सौदे प्रत्यक्ष मालापेक्षा कितीतरी जास्त होऊ शकतात. त्यात एरवी वाईट काही नाही. बहुतेक लोक मुदतीआधीच उलटा सौदा टाकून बाहेर पडतात. सट्टेवाला असतो म्हणून गिरणीवाल्याला समोर गिऱ्हाईक मिळतं, हेही खरं.

अडचण येते ती मुदत जवळ आल्यावर. एकाच माणसाने किंवा एका टोळीने खरेदीचे सौदे भरमसाट धरून ठेवले आणि गोदामातला मालही आधीच उचलून ठेवला, तर विकणाऱ्याला द्यायला माल कुठून मिळणार? तो सांगेल त्या भावाला सौदा मिटवावा लागतो. यालाच बाजारात ‘कॉर्नर’ म्हणतात, साध्या मराठीत कोंडी.

या कोंडीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण चांदीचं आहे. अमेरिकेतल्या टेक्सासच्या हंट बंधूंनी १९७० च्या दशकात चांदीच्या विटा आणि चांदीचे वायदे दोन्ही जमवायला सुरुवात केली. जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ पोहोचला. न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजाराने त्याच महिन्यात घाईने सौद्यांवर मर्यादा घातली. भाव उतरायला लागले, हंट बंधूंना मार्जिन भरता येईना आणि २७ मार्च १९८० रोजी भाव ११ डॉलरच्या आसपास कोसळला. तो दिवस ‘सिल्व्हर थर्सडे’ म्हणून ओळखला जातो. मर्यादा आधीपासून असती तर इतकी पोझिशन उभीच राहिली नसती. आग लागल्यावर घातलेल्या मर्यादेने पडझड आणखी जोरात झाली, असंही म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

आपल्याकडे आकडा कसा ठरतो

भारतात वायद्यांवर आधी ‘फॉरवर्ड मार्केट्स कमिशन’ची देखरेख होती. १९५२ च्या वायदे करार कायद्याखाली १९५३ मध्ये ते स्थापन झालं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ते सेबीत विलीन झालं आणि शेअर बाजाराची नियामक संस्थाच धान्य, तेलबिया आणि धातूंच्या वायद्यांचीही मालक झाली.

शेतमालाच्या मर्यादांची आजची चौकट सेबीच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आली. त्यात मालाचे तीन वर्ग केले गेले. ज्या मालात सरकार वारंवार हात घालतं (साठा मर्यादा, आयात-निर्यातीवर बंधनं वगैरे) किंवा ज्यात भावाशी खेळ झाल्याचे प्रकार वारंवार दिसलेत, तो ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे संवेदनशील. संवेदनशील नसलेला आणि पाच वर्षांच्या सरासरीने किमान १० लाख टन व किमान ५,००० कोटी रुपयांचा पुरवठा असलेला माल ‘ब्रॉड’. उरलेला ‘नॅरो’.

एका ग्राहकाची मर्यादा त्या मालाच्या वर्षभराच्या पुरवठ्याच्या टक्केवारीत ठरते. २०१७ च्या चौकटीत ब्रॉडसाठी १ टक्का, नॅरोसाठी अर्धा टक्का आणि सेन्सिटिव्हसाठी पाव टक्का असं प्रमाण होतं. समजा एखाद्या नॅरो मालाचा पुरवठा वर्षाला ४ लाख टन आहे. मग एका ग्राहकाला सगळ्या महिन्यांच्या वायद्यांत मिळून २,००० टनांपर्यंत पोझिशन ठेवता येते. मुदत ज्या महिन्यात संपते त्या महिन्यात, म्हणजे ‘निअर मंथ’ला, ही मर्यादा एक चतुर्थांशावर येते. म्हणजे फक्त ५०० टन. कोंडी होते ती याच काळात, म्हणून दोर इथेच आवळलेला असतो. ब्रोकरची मर्यादा वेगळी आणि मोठी असते, कारण त्याच्याकडे अनेक ग्राहक असतात. हे आकडे वेळोवेळी बदलतात. चालू आकडा एक्स्चेंजच्या त्या-त्या वायद्याच्या तपशीलपत्रात छापलेला असतो आणि सौदा करण्याआधी तोच बघावा.

सीमाभागातल्या घराण्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. मर्यादा दुकानाला नसते, पॅन क्रमांकाला असते. एकाच माणसाने बेळगावच्या ब्रोकरकडे थोडे, सांगलीच्या ब्रोकरकडे थोडे आणि इंदूरच्या ब्रोकरकडे थोडे सौदे केले, तरी एक्स्चेंज ते सगळे एकत्र मोजतं. राज्य बदललं म्हणून मर्यादा नव्याने मिळत नाही. इतकंच नाही, तर वेगवेगळ्या पॅनवर पण एकाच माणसाच्या ताब्यात किंवा संगनमताने चालणाऱ्या खात्यांची पोझिशनही एकत्र धरता येते. त्याला ‘क्लबिंग’ म्हणतात. भाऊ, पुतण्या आणि दोन भागीदारी पेढ्या अशी विभागणी करून कोणी मर्यादा चुकवायला बघत असेल, तर हे कलम त्याच्यासाठीच आहे.

अर्थात कलम असणं वेगळं आणि वेळेवर लागू होणं वेगळं. एरंडीचा वायदा जानेवारी २०१६ मध्ये थांबवावा लागला. भाव घसरत गेले आणि मोजक्या हातांत पोझिशन एकवटल्याचा प्रश्न सेबीच्या चौकशीत पुढे आला. वायद्यांची देखरेख हाती घेऊन सेबीला तेव्हा चार महिनेच झाले होते.

माल असलेल्याची सूट

आता दुसरी बाजू. लातूरच्या एका तेल गिरणीचं उदाहरण घेऊ. गिरणीने हंगामात ६,००० टन सोयाबीन भरून ठेवलं. तेल आणि पेंड पुढच्या पाच महिन्यांत विकायची आहे. मधे भाव पडला तर गिरणी बसते. म्हणून ती वायद्यात ६,००० टन विकून ठेवते. भाव पडला तर गोदामात तोटा आणि वायद्यात नफा, चढला तर उलट. दोन्ही मिळून हिशेब जवळपास बरोबरीत राहतो. हे हेजिंग.

समजा ग्राहक मर्यादा ५,००० टन आहे. सट्टेवाल्याला ती ठीक आहे. पण गिरणीचा १,००० टन माल त्यामुळे उघडा राहतो, आणि मर्यादा ज्याच्यासाठी आहे तो गिरणीवाला नाहीच. म्हणून खऱ्या मालधारकाला एक्स्चेंजकडे अर्ज करून नेहमीच्या मर्यादेवर जादा हेज लिमिट मागता येते.

ही सूट सरसकट मिळत नाही. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासला जातो. ब्रोकरमार्फत अर्ज जातो, सोबत साठ्याचे उतारे, गोदाम पावत्या, खरेदी-विक्रीचे करार, आधीच्या वर्षांतली उलाढाल वगैरे कागद लागतात. मंजुरी ठरावीक मुदतीसाठी असते आणि मंजूर सूट किती व कधीपर्यंत आहे, हे एक्स्चेंज नाव न देता आपल्या संकेतस्थळावर जाहीर करतं. हजर बाजारातली जोखीम कमी झाली, म्हणजे माल विकला गेला, की त्या प्रमाणात वायद्यातली पोझिशनही कमी करावी लागते. खोटी माहिती दिली तर कारवाई होते.

या व्यवस्थेत दोन ठिकाणी बोच आहे. पहिली म्हणजे शेतमालात निअर मंथची मर्यादा लागू झाली की हेजची जादा मर्यादा मिळत नाही. यामागचा विचार समजतो. शेवटच्या दिवसांत ‘मी हेजर आहे’ असं सांगून कोंडी करणाऱ्याला वाट मोकळी राहू नये. पण ज्या गिरणीला खरोखर माल द्यायचा आहे, तिलाही आपली पोझिशन त्याआधी उतरवावी लागते किंवा पुढच्या महिन्यात न्यावी लागते, आणि त्या उलाढालीचा खर्च गिरणीच्या गळ्यात पडतो.

दुसरी बोच शेतकऱ्याची. गिरणीकडे गोदाम पावती असते. शेतकऱ्याचा माल शेतात उभा असतो. त्याची जोखीम पेरणीपासून सुरू होते, पण कागद तयार होतो तो काढणीनंतर. प्रत्यक्षात एकट्या शेतकऱ्याला मर्यादा कधी आड येत नाही, कारण त्याचा माल तेवढा नसतो. त्याला आड येतं ते मार्जिनचं रोख पैसे भरणं. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी अनेकांचा माल एकत्र करून वायद्यात उतरावं, हा मार्ग त्यासाठीच पुढे आला.

हेजर कोणाला म्हणायचं, हा वाद फक्त आपलाच नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये नियामकाने एका मोठ्या वॉल स्ट्रीट बँकेच्या उपकंपनीला हेजरची सूट दिली. तिच्याकडे गहू नव्हता की तेल नव्हतं. गुंतवणूकदारांशी केलेल्या कागदी करारांची जोखीम तिला वायद्यात उतरवायची होती. पुढे अशा सवलती वाढत गेल्या आणि २००८ मध्ये धान्य व तेलाचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये यावर मोठी खडाजंगी झाली. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने नव्या मर्यादा आणायला सांगितलं, २०११ चे नियम न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केले, आणि अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये २५ प्रमुख मालांसाठी नवे नियम मंजूर झाले. त्यांत ही कागदी जोखमीची सूट काढून टाकली गेली. कायदा झाल्यापासून नियमापर्यंत १० वर्षं लागली. ‘हेजर’ या एका शब्दाच्या व्याख्येत किती पैसा गुंतलेला असतो, याचा अंदाज यावरून येतो.

गवारीचा धडा

मर्यादा आहे म्हणजे कोंडी होणारच नाही, असं मात्र नाही. २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या खडकातून तेल-वायू काढण्याच्या कामाला गवार गमची मागणी अचानक वाढली. राजस्थानात पिकणाऱ्या गवार बीचा भाव मार्च २०१२ पर्यंत क्विंटलला ३० हजारांच्या घरात गेला आणि गमचा भाव १ लाखाच्या आसपास. २७ मार्च २०१२ रोजी वायदा बंद करण्यात आला. तो पुन्हा सुरू व्हायला मे २०१३ उजाडला.

मागणी खरी होती, साठेबाजीही खरी होती. पण वायद्याची मर्यादा फक्त एक्स्चेंजवरचे सौदे बघते. गोदामात कोणी किती पोती दाबून ठेवली आहेत, ते तिला दिसत नाही. शिवाय टक्केवारी काढली जाते ती उत्पादन आणि आयात यांच्या वर्षभराच्या आकड्यावर. मार्च महिन्यात त्यातला किती माल शिल्लक असतो? किती माल एक्स्चेंजच्या गुणवत्तेत बसतो आणि मान्यताप्राप्त गोदामापर्यंत पोहोचू शकतो? हंगामाच्या शेवटी हा आकडा वर्षाच्या पुरवठ्यापेक्षा फार लहान असतो. मोठ्या आकड्यावर बेतलेली अर्धा टक्क्याची मर्यादा तेव्हा प्रत्यक्षात बरीच सैल झालेली असते. निअर मंथची कात्री याचसाठी असली तरी ती बारमाही सारखीच चालते. सुगीतही तेवढीच आणि टंचाईतही तेवढीच.

मर्यादेऐवजी कुलूप

आपल्याकडे सरकारचा हात मर्यादेपेक्षा कुलपाकडे लवकर जातो. एप्रिल २००३ मध्ये वायद्यांवरची जुनी बंधनं उठली, त्याच वर्षाअखेर एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स सुरू झाले. चार वर्षांतच, जानेवारी २००७ मध्ये, तूर आणि उडदाचे वायदे बंद झाले. पुढच्याच महिन्यात गहू आणि तांदूळ. मे २००८ मध्ये हरभरा, सोया तेल, बटाटा आणि रबर. अर्थतज्ज्ञ अभिजित सेन यांच्या समितीने २००८ मध्ये अहवाल दिला, त्यात वायद्यांमुळेच भाव वाढले असा ठाम निष्कर्ष निघाला नाही. जुलै २०१६ मध्ये हरभऱ्यावर पुन्हा गदा आली.

तुरीचं उदाहरण बोलकं आहे. तिचा वायदा २००७ पासून बंद. तरी २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेलीच. दोन वर्षं पाऊस कमी झाला होता आणि डाळ पिकलीच नव्हती. वायदा नसल्याने भाव थांबला नाही.

मग आली २०२१ ची बंदी. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन काही बाजारांत क्विंटलला १० हजारांच्या घरात गेलं होतं. कोंबडीपालन करणाऱ्यांना पेंड परवडेना, म्हणून केंद्राने ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सात मालांचे वायदे थांबवले : बासमती सोडून इतर भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन व त्याचे उपपदार्थ, कच्चं पामतेल आणि मूग. नवे सौदे बंद, असलेले फक्त मिटवायचे. मुदत एक वर्षाची होती. ती दर वर्षी वाढत गेली आणि मार्च २०२५ मध्ये ३१ मार्च २०२६ पर्यंत लांबवली गेली.

दरम्यान बाजार उलटला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मराठवाडा-माळव्यातल्या बऱ्याच बाजारांत शेतकऱ्याला तेवढाही मिळाला नाही. बंदी घातली होती ती चढ्या भावाची भीती म्हणून. भाव पडल्यावरही कुलूप तसंच राहिलं. वायदा असता तर भाव चढला असता, असा दावा कोणी करू नये, कारण जगभर तेलबियांचे भाव तेव्हा उतरलेलेच होते. पण पेरणीच्या वेळी ऑक्टोबरचा भाव काय दिसतो आहे, हे बघायची खिडकी तरी उघडी असती. मोठ्या आयातदाराला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत राहून शिकागो किंवा क्वालालंपूरच्या बाजारात हेजिंग करता येतं. तालुक्याच्या गिरणीला ते झेपत नाही.

इंदूरकरांना हे जास्त जाणवतं. राष्ट्रीय एक्स्चेंज येण्याआधी तिथल्या नॅशनल बोर्ड ऑफ ट्रेडवर सोया तेलाच्या वायद्यांची मोठी उलाढाल होत असे. सांगलीतही हळदीच्या वायद्यांची परंपरा जुनी आहे.

साठा मर्यादा म्हणजे पोझिशन लिमिट नव्हे

या दोन गोष्टींत नेहमी गल्लत होते. साठा मर्यादा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली असते आणि गोदामातल्या पोत्यांना लागते. पोझिशन लिमिट सेबी आणि एक्स्चेंजची असते आणि सौद्यांना लागते. पोझिशन लिमिट देशभर एकच. साठा मर्यादा मात्र राज्यागणिक बदलू शकते. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने खाद्यतेल आणि तेलबियांवर साठा मर्यादा घातली, तेव्हा नेमका आकडा ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं होतं. कर्नाटकात, महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात गोदामं असलेल्या व्यापाऱ्याने अशा वेळी प्रत्येक राज्याचा आदेश वेगळा बघावा लागतो. हेज लिमिट मागताना दाखवलेला साठा त्या राज्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर एका अर्जातून दुसरं लफडं उभं राहतं.

शेवटचा मुद्दा डब्बा ट्रेडिंगचा. एक्स्चेंजबाहेर, चिठ्ठीवर किंवा मोबाइलवर होणारे हे सौदे बेकायदा आहेत. तिथे पोझिशन लिमिट नसते, कारण पोझिशन मोजणारंच कोणी नसतं. मार्जिन नाही, मालाची डिलिव्हरी नाही, आणि समोरचा पळाला तर तक्रार ऐकायला एक्स्चेंज किंवा सेबीही नाही. एखादा ब्रोकर ‘लिमिटची काळजी नको, आपल्याकडे कितीही चालतं’ असं सांगत असेल, तर सौदा एक्स्चेंजवर लागला का, हे रात्री एक्स्चेंजकडून येणाऱ्या एसएमएसवर आणि कॉन्ट्रॅक्ट नोटवर तपासून घ्यावं. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरही सौद्याची खातरजमा करता येते.